पावसापूर्वीच्या घड्या

मे महिना सरत आला की पेडणे-डिचोलीकडील घरांत पुरुमेताची लगबग सुरू होते. मीठ, सोले, सुकी मासळी यांची बेगमी होते. लाकूडफाटा आत घेतला जातो. कपड्यांच्या कपाटाची आठवण मात्र बहुधा आषाढात, दार उघडताच कुबट वास आल्यावरच होते. म्हणून ह्या खेपेस आम्ही घड्यांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

जून ते सप्टेंबर ह्या ४ महिन्यांत गोव्यात सुमारे १२० इंच पाऊस पडतो. सुती कापड हवेतील ओल शोषून घेते आणि त्यावर बुरशी धरते. खळ घातलेल्या कपड्यावर ती लवकर धरते, कसरीलाही खळ आवडते. यास्तव पावसाळ्यात न लागणारे कपडे खळ काढून धुवावे, कडकडीत उन्हात वाळवावे आणि पुरते निवल्यावरच त्यांची घडी करावी.

घडी सपाट जागी घालावी. सदरा पालथा पसरून बाह्या पाठीवर दुमडाव्या, बाजू आत घ्याव्या आणि मग त्याचे तीन भाग करावे. सर्व घड्या एकाच मापाच्या असल्या आणि दुमडलेली कड बाहेरच्या बाजूस राहिली, म्हणजे मधला एखादा कपडा काढताना ढीग ढासळत नाही. कपाट ठासून भरू नये, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्या. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ कित्येक बालकांच्या रक्तास अपाय करते.

सर्वांत खालचा कप्पा मुलांना द्यावा. आपली घडी आपण घालावयाची, हा नियम मुलींप्रमाणेच मुलग्यांनाही असावा. आईने एकटीने साऱ्या घराच्या घड्या घालाव्या आणि इतरांनी त्या विस्कटाव्या, ही रीत आम्हांस ख्रिस्ती कुटुंबाला शोभणारी वाटत नाही.

लग्नातील सादो कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेला असतो. रेशीम वर्षानुवर्षे एकाच रेषेवर दुमडलेले राहिले की तेथेच विरते. म्हणून वर्षातून दोनदा तरी त्याची घडी बदलावी, सावलीत वारा द्यावा आणि धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ठेवावे. जर असल्यास डांबराच्या गोळ्या व टाचण्या दूर ठेवाव्या.

घड्या घालताना आणखी एक गोष्ट घडते. आपल्यापाशी काय आहे, हे दिसू लागते. गेल्या दोन पावसाळ्यांत अंगास न लागलेला सदरा, मुलाला आखूड झालेली विजार, एकावर एक साठलेल्या चादरी, हे सारे डोळ्यांसमोर येते. चौथ्या शतकातील संत बाझिल ह्यांनी धनिकांना बजावले होते की, पेटीत नुसते पडून राहिलेले वस्त्र वास्तविक उघड्या माणसाचे आहे. २४ जूनला आपण ज्यांचा सांजाव विहिरीत उड्या घेऊन साजरा करतो, त्या संत योहान बाप्तिस्ता ह्यांचीही लोकांना हीच शिकवण होती: ज्यापाशी दोन अंगरखे असतील, त्याने ज्याच्यापाशी एकही नाही त्याला एक द्यावा.

तेव्हा प्रिय वाचकहो, सांजावाच्या आधी प्रत्येक घराने एक गाठोडे निराळे काढावे, अशी आमची विनंती आहे. त्यात चिंध्या भरू नयेत. कपडा धुतलेला असावा, तुटलेले गुंडे लावलेले असावे, आणि घडी आपल्या स्वतःच्या कपड्यासारखीच नीट असावी. गरजवंताला वस्त्र मिळते तेव्हा त्याचे अंग झाकते. परंतु ते नीट घडी केलेले मिळाले, म्हणजे आपणांस कोणी माणूस मानले, हेही त्याला कळते.