रोबो डावीकडे का वळला?

आजचं कोडं पिरंगुटचं आहे.

तिथल्या एका शाळेतली आठवी-नववीची मुलं रोबोंच्या स्पर्धेची तयारी करत होती. त्यांचा रोबो पाहायला मीही गेलो होतो. फरशीवर खडूने तीन मीटरची सरळ रेघ आखलेली. तिच्यावरून नाकासमोर चालायचं, एवढंच रोबोचं काम. गडी निघाला झोकात, पण अर्ध्या वाटेत डावीकडे वळला आणि धडकला भिंतीवर! पुन्हा सोडला, पुन्हा तेच. स्पर्धा दोन दिवसांवर आलेली. "प्रोग्रॅम हिने लिहिलाय, म्हणजे चूक हिचीच," कुणीतरी म्हणालं. ती मुलगी रडवेली झाली. "काका, कालपासून मी एक अक्षरही बदललेलं नाही," ती मला म्हणाली.

मग चूक कुठे होती? ते शोधण्याआधी रोबोला आपली चाल कशी कळते, ते पाहू.

रोबोंच्या स्पर्धा आपल्या पुण्याला नव्या नाहीत, बरं का! आशिया-पॅसिफिक भागातल्या कॉलेजांची 'रोबोकॉन' स्पर्धा 2008 साली पुण्यात झाली, तेव्हा विषय होता चक्क गोविंदा! मटकीतलं लोणी पळवायला रोबो आले होते. 2014 साली बालेवाडीच्या क्रीडानगरीत ती पुन्हा झाली. तेव्हा एक रोबो होता पालक आणि दुसरा त्याचं मूल. पालकाने मुलाला सी-सॉ, झोपाळ्यावर खेळवायचं होतं. पालक-रोबो माणसं चालवत, पण मूल-रोबोने मात्र आपापलं काम करायचं. अशा रोबोला डोळे-कान म्हणजे त्याचे सेन्सरच.

पिरंगुटचा घाट उतरताना तुम्ही रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले, तर किती अंतर आलो ते कळतं ना? चाकावरचा 'एन्कोडर' नावाचा सेन्सर तेच करतो. चाकाबरोबर खाचा पाडलेली चकती फिरते. एका बाजूला छोटा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा सेन्सर. खाच समोर आली की उजेड, गेली की अंधार. रोबो हे उजेड मोजतो. चाकाचा व्यास 7 सेंटिमीटर असेल तर परीघ 22 सेंटिमीटर. चकतीला 20 खाचा असतील तर एक खाच म्हणजे 1.1 सेंटिमीटर चाल.

पण चाक पुढे फिरतंय की मागे? त्यासाठी दोन सेन्सर जरा अंतराने बसवतात. शाळेच्या फाटकाशी एक मित्र आणि वर्गाच्या दाराशी दुसरा उभा आहे असं समजा. फाटकावरच्याने तुम्हाला आधी पाहिलं तर तुम्ही आत येताय, दारावरच्याने आधी पाहिलं तर बाहेर जाताय. इथेही तसंच!

म्हणून अशा एन्कोडरला साधारण चार वायरी असतात. लाल वायर वीज देते, काळी वायर 'ग्राउंड'ची आणि उरलेल्या दोन निरोपाच्या. रंग प्रत्येक ठिकाणी हेच असतील असं नाही, म्हणून सोबतचा कागद वाचा.

काळ्या वायरीला कमी समजू नका. एक मुलगा कट्ट्यावर आणि दुसरा जमिनीवर उभा राहिला, तर उंच कोण हे ठरेल का? आधी दोघांचे पाय एकाच पातळीवर हवेत. सेन्सर आणि बोर्ड यांचं 'शून्य' एकच असावं लागतं, ते काम काळी वायर करते. ती ढिली झाली की निरोप गडबडतात.

आता आपलं कोडं. रोबो हातात उचलून चाकं फिरवली, तर दोन्ही बाजूंची मोजणी बरोबर येत होती. म्हणजे प्रोग्रॅम मोजत होता! मग चाक फिरवता फिरवता आम्ही एकेक वायर हलवून पाहिली. उजव्या चाकाची काळी वायर हलवताच आकडा तिथेच थांबला. फरशीवर धावताना हादऱ्याने तेच होत होतं. प्रोग्रॅमला वाटे, उजवं चाक मागे पडलं. तो बिचारा उजव्या मोटरला आणखी पळवी. बैलगाडी डावीकडे वळताना उजवा बैल भरभर चालतो ना? तसाच रोबो डावीकडे वळे. वायर नीट बसवली, जवळ पट्टीने बांधली आणि रोबो रेघेवरून सरळ गेला. "सॉरी गं," तो मघाचा मुलगा म्हणाला. मला तेच जास्त आवडलं.

तुम्ही रोबो करत असाल तर एवढं करा:

बॅटरी काढल्याशिवाय वायरीला हात लावू नका. सेन्सरला किती व्होल्ट चालतात ते आधी वाचा. मोटरची 12 व्होल्टची बॅटरी 5 व्होल्टच्या सेन्सरला थेट जोडली तर तो जळेल.

प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवा. जोडाजवळ ती बांधा, पण थोडी सैल ठेवा.

निरोपाच्या वायरी मोटरच्या वायरींपासून दूर न्या. मिक्सर लावला की रेडिओ खरखरतो, तशी मोटरची खरखर निरोपात मिसळते.

चाक हाताने एक फेरी फिरवा. खाचांइतकाच आकडा आला पाहिजे. उलटं फिरवल्यावर आकडा कमी झाला पाहिजे. पुढे जाताना कमी होत असेल, तर निरोपाच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

आणि चूक कुणाची हे विचारण्याआधी चूक कुठे आहे ते शोधा.

आता तुमच्यासाठी कोडं. वरच्याच मापाच्या रोबोच्या डाव्या चाकाने 200 खाचा मोजल्या, उजव्याने 180. दोन्ही सेन्सर खरं सांगत आहेत. रोबो कुठे वळला आणि डावं चाक किती सेंटिमीटर जास्त चाललं? आईबाबांनाही विचारा, पण उत्तर तुमचं तुम्हीच काढा. पुढच्या अंकात ताडून पाहू!