वॅटचा माज

माझा एक जुना विद्यार्थी आहे. दहावीनंतर शाळा सुटली, पण हात हुशार. परवा रस्त्यात अडवून म्हणाला, "सर, पाच हजार वॅटचा बनाया. देखने आव ना." गेलो. अठरा मिलिमीटर प्लायवूडचा खोका, आत बारा इंची स्पीकर, वर हॉर्नचा ट्विटर, मागे ऑनलाइन मागवलेलं अॅम्प्लिफायरचं बोर्ड आणि खाली कारची बॅटरी. सांधे फेविकॉल भरून नीट बंद केलेले, कुठून हवा फुसफुसत नाही. मनापासून शाबासकी दिली. खोक्यावर मात्र लाल रंगात मोठ्ठं लिहिलेलं: ५००० W.

आता हिशेब करू. बॅटरी १२ व्होल्टची. त्यातून ५००० वॅट काढायचे तर ४०० अँपिअरच्या वर करंट लागेल. त्याने घातलेल्या वायरी तेवढ्यात वितळून जातील. १२ व्होल्टवर चालणारं ब्रिज अॅम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला फार तर १८ वॅट देऊ शकतं. २४ व्होल्टचा सप्लाय दिला तर चौपट, म्हणजे ७२. बास. उरलेले चार हजार नऊशे अठ्ठावीस वॅट रंगाच्या डब्यातून आले.

ही थाप त्याची नाही, बाजाराची आहे. डब्यावर 'पीएमपीओ' नावाचा आकडा छापतात, त्याला काही शेंडाबुडखा नसतो. अॅम्प्लिफायर घेताना विचारायचं ते 'आरएमएस' किती, किती व्होल्टला आणि किती ओहमवर. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, आणि अॅम्प्लिफायरला तो सोसत नसेल तर ते तापून बसतं. हे न विचारता पोरं पैसे घालवतात.

आणि मोठा आवाज हवाच असेल तर वॅटच्या मागे पळणं हा सगळ्यात महागडा रस्ता आहे. १०० वॅटचे २०० केले तर जेमतेम ३ डेसिबल वाढतात, कानाला धड कळतही नाही. दुप्पट मोठा वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ९७ चा स्पीकर १० वॅटवर जे देतो, त्यासाठी ८७ च्या स्पीकरला १०० वॅट ओतावे लागतात. चांगला स्पीकर, लहान पण खरं अॅम्प्लिफायर, मापात काढलेला खोका. स्वस्तातला रस्ता हाच. लहान अॅम्प्लिफायर ताकदीबाहेर ताणलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात आणि पहिला जळतो तो ट्विटर. पोरं म्हणतात ट्विटर डुप्लिकेट होता!

हे सगळं नववी-दहावीच्या विज्ञानापासून फार लांब नाही. आम्ही शिक्षक ओहमचा नियम फळ्यावर लिहितो, पोरं वहीत उतरवतात, परीक्षेनंतर दोघंही विसरतात. मग तोच पोरगा गल्लीत सोल्डरिंग करताना दिसला की मोहल्ल्यातले शरीफ लोक त्याला 'वाया गेलेला' म्हणतात. मला या शरीफांचा राग येतो. हळदीला याच पोराला बोलावणार, "आवाज बढा रे" म्हणणार आणि दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीवर बसून नव्या पिढीची निंदा करणार. मीही धुतल्या तांदळाचा नाही. घरच्या लग्नात रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजला तेव्हा पाहुण्यांसमोर नको म्हणून मी गप्प बसलो होतो. कायद्याची वेळ दहाची आहे, हे मी वर्गात शिकवतो.

माझे अब्बा पॉवरलूमवर होते. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे, ती विणणाऱ्यांचे कान कोणाला माहीत नाहीत. शेडमध्ये शेजारच्या माणसाशी खुणेनंच बोलायचं. घरी अम्मी ओरडून बोलायची, आम्हा पोरांना वाटायचं भांडतेय. शेवटची काही वर्षं अब्बांना अजान ऐकू येत नव्हती, घड्याळ बघून उठायचे. त्यांचे कान पोटासाठी गेले. आपली पोरं पैसे देऊन घालवताहेत. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठीची मर्यादा धरली जाते, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपली मिरवणूक किती तास चालते?

मिरवणूक म्हटलं की लगेच उत्तर येतं, "त्यांचा चालतो, मग आमचाच का खुपतो?" २०२४ मध्ये मिलादच्या जुलूसमधल्या डीजेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: गणपतीत जे अपायकारक, ते ईदलाही अपायकारक. मी उलटं म्हणतो. दुसऱ्याचा डीजे मोजायचा हक्क मलाही आहे, पण तो मोजून माझा हलाल होत नाही. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि मिलाद एकाच दिवशी आले, तेव्हा राज्यात कितीतरी गावांनी जुलूस पुढे ढकलला. तारीख सरकवता येते, मग आवाजाचं बटण का नाही? ज्या नबींच्या नावानं जुलूस निघतो, त्यांनी शेजाऱ्याच्या हक्काबद्दल काय सांगितलं ते आपण मुलांना मकतबमध्ये पाठ करायला लावतो. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज खाली ठेवायला सांगतो. आणि आपण त्या दिवशी बेसनं दवाखान्याच्या काचा हलवतो.

हे सगळं मी त्या पोराला सुनावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग पॉलिश पेपर घेतला आणि खोक्यावरचा आकडा घासायला लागला. दोन शून्यं गेल्यावर थांबला.

"सर, सत्तर लिख्या तो भाडा कोन देता?"