बिबट्या, पिंजरा आणि रात्रीचं पाणी

गेल्या हंगामात चासकमान कालव्याच्या बाजूच्या एका गावी ठिबक सिंचनाची माहिती द्यायला गेलो होतो. सभा जरा रंगात येते न येते तोच एक वयस्कर बाबा उठले. म्हणाले, "साहेब, ठिबकचं नंतर बघू. रात्री दारं धरायला जायचं का नाही, तेवढं सांगा." आदल्या आठवड्यात त्या शिवारात वाघ दिसला होता. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. खरा पट्टेरी वाघ आहे विदर्भात. तिथले अभ्यासक त्याच्या गळ्यात पट्टा बांधतात आणि तो कुठे जातो ते टिपून ठेवतात. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ शेताशिवारातून तेराशे किलोमीटरहून जास्त चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, हे त्या पट्ट्यामुळेच कळलं. वाचायला मौज वाटते. पण शेतकरी बंधूंनो, असाच अभ्यास आपल्या 'वाघा'चाही झाला आहे, तोही आपल्या दाराशी. तो आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोचला?

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. बिबट्याला आडोसा मिळाला आणि भक्ष्यही मिळालं. माणसांवर हल्ले होऊ लागले तेव्हा २००१ ते २००३ या काळात पिंजरे लावून मोठ्या प्रमाणावर बिबटे धरले आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्याच्या नोंदी तपासल्या. आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या धरपकडीच्या काळात ते सतरावर गेले! जिथे बिबटे सोडले, त्या भागातही हल्ले होऊ लागले.

असं का झालं? अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि घराची वाट धरतो. इकडे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतो. शिवाय पिंजऱ्यात सापडला तोच गुन्हेगार, असंही नसतं.

पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत पडलेल्या एका वयस्कर नराला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. हा आजोबा महिनाभरात सुमारे एकशेवीस किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत वस्त्या, रेल्वेचे रूळ, वसईची खाडी, सगळं ओलांडलं. माणसाला मात्र हात लावला नाही. २०११ साली तो महामार्गावर वाहनाखाली मेला.

अकोले तालुक्यात तर ऊस आणि वस्तीच्या मुलखात कॅमेरे लावून मोजणी झाली. शंभर चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले, आणि त्याच मुलखात दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. बिबट्या खातो काय, हे विष्ठेवरून तपासलं. बहुतेक पाळीव जनावरं, त्यात सर्वांत जास्त कुत्री.

आता कोणी म्हणेल, साहेब, तुम्हाला कागदावर बोलायला काय जातं? बरोबर आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात काही आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यात दोन लेकरं होती. लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नाही. माणसावर चटावलेलं जनावर धरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण दिसला बिबट्या की लावा पिंजरा, हा उपाय आपल्याच चार तालुक्यांत एकदा करून पाहिला आहे आणि तो अंगलट आला आहे, हे विसरून कसं चालेल?

मग करायचं काय? शेळ्या-वासरं रात्री उघड्या गोठ्यात बांधू नका. गोठा जाळीने, छतासकट बंद करा. वस्तीवर उकिरडा साचला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधारात लेकरांना एकटं बाहेर पाठवू नका. ऊसतोडीत बछडी सापडली तर हाताळू नका, गावात मिरवू नका. वनखात्याला कळवा आणि लांब राहा. रात्री मादी येऊन ती घेऊन जाते.

पण सगळा भार शेतकऱ्यावरच टाकून भागणार नाही. जिथे शेतीपंपाला अजून रात्रपाळीची वीज आहे, तिथे बिबट्याचा वावर असलेल्या गावांना आधी दिवसा वीज द्या. माणूस बिबट्याच्या वेळेला, बिबट्याच्या वाटेवर, खाली वाकून पाणी धरतो आहे. हे टाळणं आपल्या हातात आहे, बिबट्याच्या नाही. चाकणच्या कारखान्यांतून पाळी सुटल्यावर मोटारसायकलवर आडरस्त्याने घरी येणाऱ्या पोरांचाही विचार व्हावा. मार्च २०२२ मध्ये तिथल्या एका मोटार कारखान्यातच बिबट्या शिरला होता, म्हणजे हा प्रश्न उसापुरता राहिलेला नाही.

आणि एक दोष आमच्या पदरातही घ्यायला हवा. मी कृषी पदविका घेतलेला विस्तार अधिकारी. उसाचं बेणं, खताचा हप्ता, तणनाशक यांवर तासभर बोलेन. त्याच उसात कोण राहतं, हे आम्ही कधी सांगितलं नाही. ते काम वनखात्याचं, म्हणून मोकळे झालो. अभ्यासकांनीही आपले निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत येऊन मांडावेत. ज्याच्या बांधावर कॅमेरा लावला, त्याला तरी कळलं पाहिजे काय दिसलं ते.

त्या बाबांना आज मी सांगेन, "रात्री एकटं जाऊ नका. जावंच लागलं तर दोघं-तिघं मिळून, हातात बॅटरी-काठी घेऊन, मोठ्यानं बोलत जा. आणि दिवसा विजेसाठी ग्रामसभेत ठराव करा. लिहून द्यायला मी येतो."