आग विझली, पण धुराडे तपासले का?

बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्या हैदराबादला नवा नाही. येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी मातीच्या चुलीला धुराडे जोडण्याची रचना बसवली. १९५३ साली त्यांचे या विषयावरील पुस्तक मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने प्रसिद्ध केले. पुढे १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला व घरोघरी धुराडी आली. परंतु बसवणारा निघून गेल्यावर धुराड्याची निगा कोणी राखावी, हे मात्र बहुतेक ठिकाणी राहूनच गेले.

शहरात गॅस आला, तरी आसपासच्या गावांत लाकूड, तुरकाट्या, पऱ्हाट्या अजून जळतात. सरपण ओले असले की त्याचा धूर नळीत गार होतो आणि आत डांबरासारखी काजळी धरते. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की ती पेटते. नळी घोंगावते, टोकातून ठिणग्या उडतात. आग विझली की घरचे देवाचे आभार मानतात आणि त्याच संध्याकाळी चूल पुन्हा पेटवतात. आमचा आक्षेप आहे तो यालाच.

त्या आगीने नळीला तडे जातात, सांधे सुटतात. पुढच्या वेळी ठिणगी त्याच फटीतून छपरात शिरते. विषारी वायूही घरात येतो, आणि त्याला वास नसतो. म्हणून नळी पूर्ण गार होऊ द्यावी. तापल्या नळीत पाणी ओतू नये, त्याने ती फुटते. मग सर्व काजळी काढून आत विजेरीने पाहावे. काजळी फुगून जाळीदार झाली असेल, तर आग आतच लागली होती असे समजावे. सांधे, टोकावरची टोपी आणि छपरातून नळी जाते तेथील वासे तपासावेत. वासा काळवंडला असेल तर तो बदलावा. एकदा होरपळलेले लाकूड पुढे कमी उष्णतेनेही पेट घेते. नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल तर ती घासू, कापू वा फोडू नये, कारण तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. अशी नळी तडकली तर जाणत्या माणसाकडून काढून घ्यावी.

"चूल बंद ठेवली तर जेवायचे काय?" असे माउली विचारील. प्रश्न खरा आहे. अंगणात तीन दगड मांडावेत, नाहीतर शेजारणीने दोन दिवस आपली चूल द्यावी. शेजारप्रीती म्हणतात ती हीच. आणि छपरावर चढून काजळी काढणे हे बाईचेच काम, ही समजूत पुरुषांनी सोडावी. चुलीवरचे जेवण सर्वांच्या पोटात जाते.

नाताळात चुली दिवसदिवस धगधगतात. त्याआधी धर्मग्रामातील तरुणांनी एक रविवार म्हाताऱ्या व एकट्या माणसांच्या धुराड्यांसाठी द्यावा, असे आम्हास मनापासून वाटते.