ज्यूरीचा काटा

आमच्या श्रीवर्धनांत मागें एका वाडींतून वाळत घातलेली रोठा सुपारी नाहींशी झाली. पारावरच्या मंडळींनीं अर्ध्या घटकेंत चोर ठरविला: वाडीला पाणी लावणाऱ्या गड्याचा पोर! नेतांना कोणीं पाहिलें, असें आम्हीं विचारतांच सारे गप्प. पोर गरिबाचा, एवढाच काय तो पुरावा. तो आमच्या वर्गांत बसत असे म्हणून आम्हांस विचारावेंसें वाटलें. एरवीं आम्हीही मान डोलविली असती.

कोर्टांतील ज्यूरी याहून शहाणी, असा पुष्कळांचा समज आहे. वाचकांनीं १९५९ सालचा मुंबईचा नानावटी खटला आठवावा. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनीं २७ एप्रिल रोजीं पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. झटापटींत रिव्हॉल्वर उडालें, असा त्यांचा बचाव. मग नुकत्याच न्हालेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागचा हलला कसा नाहीं? गोळ्या तर तीन सुटल्या होत्या! पत्नीची कबुली ऐकून आरोपीनें बायकामुलांस सिनेमाला पोंचविलें, खोटें कारण सांगून जहाजावरून रिव्हॉल्वर घेतलें; मध्यें सुमारें तीन तास गेले. याला क्षणिक संताप म्हणावयाचें काय?

तरी नवांपैकीं आठ पंच म्हणाले, निर्दोष! न्यायाधीश मेहता यांनीं तो निकाल न मानितां प्रकरण हायकोर्टाकडे पाठविलें. तेथें १९६० सालीं जन्मठेप झाली, व सुप्रीम कोर्टानें ती २४ नोव्हेंबर १९६१ रोजीं कायम केली. सारा दोष पंचांचाच नव्हता. अपघात शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो, हें त्यांस नीट समजावलेंच गेलें नव्हतें. त्यांत 'ब्लिट्झ' साप्ताहिकानें नानावटींची बाजू उचलून धरलेली. (वर्तमानपत्र चालविणाऱ्यांनीं, म्हणजे आम्हींही, हें ध्यानांत ठेवावें.)

पण आम्ही विचारतों, पांढऱ्या गणवेशाच्या जागीं आमच्या बंदरावरचा एखादा कोळी खलाशी असता, तर त्या आठांस इतका कळवळा आला असता काय? उलट, १९०८ सालीं टिळकांस ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें. त्या नवांत सात युरोपियन होते! कोठें माया, कोठें राग. पुराव्याआधीं माणूसच काट्यावर चढला.

१९७३ च्या फौजदारी संहितेंत ज्यूरी उरली नाहीं. न्यायाधीशहि चुकतो, पण त्याला कारणें लिहावीं लागतात, आणि तीं घेऊन वरच्या कोर्टांत जातां येतें. ज्यूरी नुसतें 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हणून उठून जाई.

पारावरच्या मंडळींनीं अद्याप कांहीं लिहून दिलेलें नाहीं. पोर मात्र शाळेंत येईनासा झाला आहे.