खाशाबांचा धडा शिकवताना खर्डेकर सरांना विसरू नका



१५ जानेवारी आला की शाळेत खाशाबा जाधव यांच्यावर भाषणं होतात. मुलं पाठ करून बोलतात : जन्म १९२६, गाव कराडजवळचं गोळेश्वर, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, 'मेहनत केली की यश मिळतेच.' मीही आधी हेच लिहून द्यायची. आता देत नाही.

मेहनत तर खाशाबांनी १९४८ मध्येही केली होती. मातीतला पैलवान लंडनला मॅटवर उतरला आणि सहावा आला. नंतर चार वर्षं घाम गाळला, पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढून ते पैसे परत केले.

यानंतरचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. मधल्या ४४ वर्षांत मेहनती मुलं नव्हती का? होती. त्यातल्या कित्येकांना खर्डेकर सर भेटले नसतील.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी धावण्याच्या तालुका स्पर्धेसाठी निवडली गेली. आमच्या शेंदूरजनाघाटहून वरुड काही लांब नाही. पण तिचे वडील संत्र्याच्या बागेत मजुरीला जातात. ते म्हणाले, "मॅडम, तिच्यासंगं गेलो तर रोज बुडते." मी सोबत जाऊ शकत होते. अभ्यासक्रम मागे पडेल म्हणून गेले नाही. ती पोरगी घरीच राहिली. तिची मेहनत कुठे कमी पडली, सांगा बरं?

आपल्याला कोणी घर गहाण ठेवायला सांगत नाही. खेळाचा तास गणिताला देऊ नये, मुलाला स्पर्धेला नेऊन आणावं, पालकांनी मिळून एखाद्याच्या बुटांचे पैसे जमवावेत, एवढं तर जमतं.

यंदा भाषणात मुलांना खर्डेकर सरांचं नावही घ्यायला लावा. ते नाव मुलांपेक्षा आपणच जास्त ऐकायला हवं.