रोग जनुकाचा, खापर मात्र आईवर!

मूल वारंवार तापाने फणफणते. मानेत, काखेत गाठी येऊन पिकतात. फुफ्फुसात, यकृतात पू होतो. टी.बी.ची औषधे देऊनही दुखणे उलटते. अशा घरात दोन उत्तरे तयारच असतात. बुवा म्हणतो, बाहेरची बाधा आहे. सासू म्हणते, सुनेचा पायगुण वाईट. १९५६ साली ज्या समाजाने देव-दैव नाकारले, त्याच्याही काही घरांत ही भाषा आजही ऐकू यावी, ही शरमेची बाब आहे.

विज्ञानाचे उत्तर वेगळे आहे. यातील काही मुलांना ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ म्हणजे सी.जी.डी. हा जन्मजात आजार असतो. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण त्याला मारणारी रसायने त्यांना बनवता येत नाहीत. ही रसायने बनविणारी यंत्रणा अनेक प्रथिनांची मिळून होते. त्यातील एका प्रथिनाचे जनुक बिघडले तरी यंत्रणा लंगडी पडते.

जनुक कोणते बिघडले, त्यावर वारसा ठरतो. ‘सीवायबीबी’ हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यात बिघाड असलेल्या आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी असते. कधी हा बिघाड आईत नसतोच, मुलात नव्याने घडतो. ‘एनसीएफ-१’, ‘एनसीएफ-२’, ‘सीवायबीए’ या जनुकांच्या प्रकारात मात्र आई आणि बाप दोघेही वाहक असावे लागतात. तेव्हा प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, चारात एक शक्यता असते. मग एकट्या सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे हे कोणते न्यायालय? पहिल्या प्रकारातही आईने काही केलेले नसते. जनुक कोणी निवडून घेत नाही.

दोघे वाहक एकत्र येण्याची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक आपल्याकडे आजही हौसेने होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात दाखविले. त्यांचा मुद्दा समाजरचनेचा होता, रोगाचा नव्हता. पण पोटजातीत, त्यातही नात्यातच सोयरीक शोधणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, कुंपण जितके आखूड, तितके एकच जनुक दोन्ही बाजूंनी येण्याचे भय अधिक.

ज्या परळच्या चाळीत बाबासाहेब राहिले, त्याच परळमध्ये केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. अशा आजारांचे निदान व संशोधन तेथे होते. डी.एच.आर. या रक्तचाचणीने सी.जी.डी. ओळखता येतो. निदान झाले तर रोजच्या प्रतिबंधक औषधांनी जंतुसंसर्ग बराच रोखता येतो आणि काही मुले अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरी होतात. जिवंत जंतूंची बीसीजी लस या मुलांना बाधू शकते. म्हणून अशा घरात पुढचे बाळ जन्मताच, लस टोचण्याआधी डॉक्टरांना घरचा इतिहास सांगावा.

खर्चाचे काय? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात सी.जी.डी.चा समावेश आहे. मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आणि ती उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. ही भीक नव्हे. दुर्मीळ आजाराच्या गरीब मुलाला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे २०१४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने मोहम्मद अहमद खटल्यात मान्य केले. आणि आजारी मूल जन्मले म्हणून सुनेचा छळ करणाऱ्यांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. शिवीगाळ आणि मानसिक छळही त्यात येतो. बुवाबाजीसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

पण कायदा असून भागत नाही, तो वस्तीपर्यंत न्यावा लागतो. दादर, नायगाव, लालबागच्या आमच्या मंडळांनी जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब-साखरेसोबत एवढा एक प्रश्न विचारावा : घरात वारंवार आजारी पडणारे किंवा असे दगावलेले मूल आहे काय? असेल, तर त्या आई-बापांसोबत एका कार्यकर्त्याने परळला जावे. शासनाकडेही आमची मागणी आहे की, ही तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून उपलब्ध व्हावी. गडचिरोलीच्या आईने मुलाचे रक्त घेऊन मुंबई का गाठावी?